जाहिरातमुक्त गाण्यांचे पैसे भरले तरी घरात रोज भांडण, तुम्ही कसं जमवता?

सिंहगडरोडवाला:
मंडळी, लांबलचक होणार आहे, वैताग आहे म्हणून लिहितोय. मागच्या दिवाळीत एका गाण्याच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, एका माणसाचं, जाहिरातमुक्त. नाव लिहीत नाही, उगाच इथे ॲपवाल्यांची दोन पार्ट्यांत मारामारी नको. घ्यायचं कारण म्हणजे आई. ती सकाळी पूजा करताना अभंग लावते आणि ऐन रंगात आलेल्या अभंगानंतर एक बाई येऊन पर्सनल लोन हवंय का विचारायची. आईने एकदा तिला फुलं वाहता वाहता "नको गं बाई" असं उत्तर पण दिलं. म्हटलं भरू पैसे पण हिला घालवू.

ती गेली, आणि दुसरंच सुरू झालं. मी सहाला पळायला जातो, कानात गाणी. साडेसहाला आई स्वयंपाकघरातल्या स्पीकरला सांगते अभंग लाव, की माझ्या कानात शुकशुकाट. मी परत प्ले दाबतो, तिकडे आईचं बंद. ती परत सांगते, माझं बंद. असं तीन-चार दिवस चाललं होतं, तिला वाटायचं स्पीकर खराब झाला आणि मला वाटायचं इयरफोन गेले. नवीन इयरफोनची किंमतसुद्धा बघून झाली होती माझी.

ऑफिसात तर कहर. लॅपटॉपवर ॲप उघडलं, गाणं चालू दिसतंय पण आवाज नाही, म्हणून वाढवला, तरी नाही, अजून वाढवला. पाच मिनिटांनी घरून फोन, अरे हा स्पीकर पिसाळलाय का, खालच्या वहिनी विचारायला आल्या. म्हणजे मी ऑफिसात बसून घरातल्या स्पीकरचा आवाज फुल करत होतो.

गणपतीत चिपळूणला निघालो, आदल्या रात्री मुद्दाम शंभरेक गाणी डाउनलोड करून ठेवली. ताम्हिणीत शिरल्यावर रेंज गेली आणि बघतो तर सगळी गाणी राखाडी, एकही वाजेना. पूर्ण घाट मुलाने पाठ केलेले पाढे ऐकत काढला.

आणि टीव्हीवर अजूनही जाहिराती येतात! पैसे भरून! ग्राहक सेवेच्या चॅटवर रोबोट, तो एकच सांगतो, ॲप काढून परत टाका. चार वेळा टाकलं.

माझा प्रश्न साधा आहे. फोन माझा, लॅपटॉप माझा, टीव्ही माझा, स्पीकर मीच आणलेला, पैसे पण माझेच. मग फॅमिली प्लॅन घ्यायचा का? आईला स्वतःचा ईमेल पण नाही. तुम्ही लोक काय करता?

बिटरेट_बाबा:
दादा, तुझे चार वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, तू सगळे एकाच खात्यावर मांडतोयस.

आधी टीव्ही. माझी पैज आहे की तिथे तुझं दुसरंच अकाउंट आहे. ह्या ॲपांत मोबाईल नंबरने लॉगिन केलं की एक अकाउंट होतं आणि जीमेलने केलं की दुसरं, दोन्हीकडे नाव तुझंच दिसतं त्यामुळे संशयच येत नाही. पैसे भरलेस फोनवर, बहुतेक नंबरवाल्या अकाउंटला, आणि टीव्हीवर रिमोटने टाइप करायचा कंटाळा म्हणून जीमेलने आत गेलास. ते फुकटवालं आहे. प्रोफाइलमध्ये जाऊन प्लॅन काय लिहिलाय ते बघ, नाव बघू नको. ॲप काढून टाकून काही होणार नाही, परत त्याच चुकीच्या आयडीने आत जाशील.

(टीव्हीवर यूट्यूब बघत असशील तर अजून एक घोळ आहे. नुसतं यूट्यूब म्युझिक प्रीमियम घेतलं तर जाहिराती फक्त म्युझिक ॲपमध्ये बंद होतात, नेहमीच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओंना लागतातच. तिथे पण नको असतील तर यूट्यूब प्रीमियम लागतं, त्यात म्युझिक येतं. दोन नावं इतकी सारखी ठेवलीत की दहातले पाच जण चुकीचं घेतात, हा माझा अंदाज, मी स्वतः घेतलं होतं.)

आता सकाळचं भांडण. एका माणसाचा प्लॅन म्हणजे एका वेळी एकच ठिकाणी वाजणार. डिव्हाइस किती का असेनात. त्यांचा हिशोब मशीनचा नाही, कानाचा आहे. पण एक जुगाड बहुतेक ॲपांत चालतो. पळायला जायच्या आधी फोनवर ॲपच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन मोड चालू कर आणि डाउनलोड केलेलीच गाणी लाव. फोन सर्व्हरशी बोलतच नाही, त्यामुळे तिकडे स्पीकर चालू झाला काय न झाला काय.

आणि डाउनलोड राखाडी होण्याची कारणं दोन. तुझं ॲप कुठलं माहीत नाही, उदाहरण म्हणून स्पॉटिफायचा नियम सांगतो. जास्तीत जास्त ५ डिव्हाइसवर डाउनलोड, प्रत्येकावर १०,००० गाणी, आणि ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यायला लागतं. सहाव्या डिव्हाइसवर डाउनलोड केलं की सगळ्यात कमी वापरलेल्या डिव्हाइसवरची उडतात. बाकीच्यांचे आकडे वेगळे पण तऱ्हा साधारण हीच. डाउनलोड म्हणजे फाइल तुझी झाली असं नसतं, ती कुलूपबंद असते आणि किल्ली त्यांच्याकडे.

स्पीकर पिसाळला ते मात्र वाचून खूप हसलो. आवाज वाढवायच्या आधी ॲपमध्ये खाली डिव्हाइसचं चिन्ह असतं ते बघत जा, कुठे वाजतंय ते लिहिलेलं असतं.

रेडिओप्रेमी:
आकाशवाणी लावा. सकाळी भक्तिसंगीत असतंच. लॉगिन नाही, आयडी नाही.

ठाण्याची_सून:
रेडिओप्रेमी, स्वयंपाकघरात आमच्याकडे रेडिओ पकडतच नाही, चौदावा मजला असून. 😀

दादा, फॅमिली घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. बऱ्याच ॲपांत सहा जणांपर्यंत असतो आणि सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत अशी अट असते. तुमची आई तुमच्याजवळच आहे म्हणजे प्रश्न नाही. माझ्या नणंदेने नाशिकच्या भावाला घेतलं होतं, त्याला पत्ता विचारला गेला आणि तो बाहेर.

मी फॅमिली घेतला तो जाहिराती किंवा भांडणामुळे नाही, शिफारशींमुळे. माझं अकाउंट सगळेच वापरायचे. लेकीची बडबडगीतं, सासऱ्यांची नाट्यगीतं, नवऱ्याचं ते ढणढण जिमचं, आणि वर्षाच्या शेवटी ॲपने मला सांगितलं की तुमचं ह्या वर्षीचं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे एक बेडकाचं बालगीत. दोनशे का काय वेळा ऐकलं म्हणे. माझी वर्षानुवर्षं जमवलेली आवड धुवून निघाली. आता प्रत्येकाचं वेगळं आहे, बेडूक लेकीकडे गेला.

सासूबाईंचा ईमेल मीच काढून दिला, पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड एका वहीत लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय, घाबरू नका, कुणी चोरत नाही.

अजून एक. पैसे आपोआप कापले जातील ह्या भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे नवे नियम लागू झाले, कार्डाचं मँडेट, म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी, नव्याने ओटीपी देऊन मंजूर करायला लागायचं आणि पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा. नियम चांगलाच आहे, पण त्या वेळी माझ्या बँकेने ते वेळेत केलंच नाही, पेमेंट फेल, अकाउंट गुपचूप फुकटच्या प्लॅनवर, आणि मी लोकलमध्ये उभी राहून विचार करतेय की कालपर्यंत वाजणारी डाउनलोड केलेली गाणी आज का वाजत नाहीत. प्लॅन संपला की तीही कुलूपबंद होतात. आता यूपीआय ऑटोपे लावलंय, तेव्हापासून बरं आहे. तुमचं त्या घाटाच्या वेळी असंच काही झालं नव्हतं ना, बघून घ्या.

जुनी_कॅसेट:
पोरांनो तुमचं वाचून मला माझा पेनड्राइव्ह काढून कुरवाळावासा वाटला.

कोकण रेल्वेने रत्नागिरीला जातो मी वर्षातून तीन-चारदा. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्यात गाडी शिरली की डब्यातल्या सगळ्यांची गाणी एकेक करून बंद पडतात आणि माझं चालू असतं. तेवढ्यासाठी तरी जगावं.

हिशोब सांगतो. ३२० केबीपीएसची एमपीथ्री म्हणजे मिनिटाला २.४ एमबी, चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आतबाहेर. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये तीन हजार गाणी आरामात बसतात. माझ्याकडे जुन्या सीड्या होत्या, विकत घेतलेल्या, त्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, पावसाळ्यात बसून दोन महिने लागले. गाडीच्या डेकला पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा (फाइली साठवायची एक पद्धत) लागतो आणि माझ्या डेकवर देवनागरी नावं चौकोन चौकोन दिसतात, म्हणून फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवतो. तेवढा एक अपमान सहन करतो.

आणि गाणं आज आहे म्हणजे उद्या असेल असं त्या ॲपांत काही नसतं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली, करार झाला नाही म्हणून. त्याच्या आधी सारेगामाची नव्हती, २०२० मध्ये करार झाला तेव्हा आली, आणि सारेगामा म्हणजे जुनं एचएमव्ही, म्हणजे आमची अर्धी भावगीतं. २०२४ मध्ये रेसो आणि विंक ही गाण्याची दोन्ही ॲपं म्हणजे दुकानंच बंद झाली. माझ्या भाचीने अशाच एका बंद पडलेल्या ॲपवर सहा वर्षं प्लेलिस्ट जमवली होती, तिच्या लग्नाच्या संगीताची गाणीसुद्धा त्यात.

आईंसाठी सारेगामाचा कारवां बघ. मराठीवालापण मिळतो, गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको. बटण फिरवायचं की झालं. आमच्या हिने स्पीकरशी बोलायला नकार दिला, म्हणते भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

बिटरेट_बाबा:
काका मान्य, पण नवीन गाणी कुठून आणणार? सीडी निघतच नाहीत. आणि तुमच्या पेनड्राइव्हची दुसरी कॉपी आहे ना? नसेल तर आजच करा, पेनड्राइव्ह कधी मान टाकेल सांगता येत नाही.

जुनी_कॅसेट:
नवीन मी ऐकत नाही. कॉपी आहे, दोन आहेत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. हसू नको.

स्टुटगार्टकर:
इकडून एक भर. ठाणेकर ताई म्हणतात ती एका पत्त्याची अट आमच्यासारख्यांना नडते. मी जर्मनीत, आई-बाबा कोल्हापुरात, एका फॅमिलीत बसत नाही. स्पॉटिफायचं फुकटचं अकाउंट दुसऱ्या देशात १४ दिवसच चालतं, पैसे भरलेलं असेल तर फिरताना अडत नाही. पण इथे राहायला आल्यावर देश बदलायचा तर इथलंच पेमेंट लागतं आणि इथला भाव भारताच्या कितीतरी पट आहे. बाबांचं वेगळं घेऊन दिलंय, भारतातल्या कार्डावर. दर महिन्याला ते विचारतात हे कसले पैसे गेले, दर महिन्याला मी सांगतो.

सिंहगडरोडवाला:
सगळ्यांना धन्यवाद, रविवार ह्यात घालवला.

बाबा, पैज जिंकलास. टीव्हीवर जीमेलवालं अकाउंट होतं, माझंच नाव, माझाच फोटो, प्लॅन फुकट. आठ महिने मी स्वतःच्याच भुताच्या जाहिराती बघत होतो. डाउनलोडचं पण तेच निघालं, जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन, मुलाचा टॅब आणि चक्क आधीच्या कंपनीचा लॅपटॉप, जो मी कधीच परत केलाय. मर्यादा ओलांडली होती. सगळीकडून लॉगआउट मारलं. पेमेंट ठीक होतं ताई, तेही तपासलं.

ऑफलाइन मोडने सोमवारी पळून आलो, पूर्ण पाच किलोमीटर गाणी बंद पडली नाहीत.

कारवां आईला दाखवला, तिला आवडला पण म्हणते ह्यात मला हवा तो अभंग सांगून लागत नाही. तिला आता स्पीकरशी बोलायची सवय लागलीये. म्हणून शेवटी तिचा ईमेल काढला आणि दोघांचा प्लॅन घेतला, फॅमिलीपेक्षा स्वस्त पडला. ॲपने तिला आवडते कलाकार निवडा म्हटलं तर तिने भीमसेन निवडले आणि पुढे म्हणाली बाकीचे कशाला. तीन निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हतं, उरलेले दोन मी भरले.

आता शेवटचा प्रश्न. स्पीकर अजून माझ्याच अकाउंटला जोडलेला आहे. तो आईच्या अकाउंटला जोडायला आईच्याच फोनमध्ये स्पीकरचं ॲप टाकावं लागेल का? तिचा फोन साधा आहे, जागा पण नाही.

बिटरेट_बाबा:
नाही, तुझ्या फोनमधूनच होतं. स्पीकरच्या ॲपमध्ये म्युझिकच्या सेटिंगला जाऊन आधी तुझं अकाउंट अनलिंक कर, मग परत लिंक करताना आईचा आयडी टाक. फक्त लिंक करताना ब्राउझर उघडतो आणि त्यात तुझं लॉगिन सेव्ह असलं तर तो काही न विचारता तुझंच परत जोडून टाकतो. तिथून आधी लॉगआउट हो. आणि डिफॉल्ट सर्व्हिस तेच ॲप आहे ना बघ, नाहीतर आई अभंग म्हणेल आणि स्पीकर भलत्याच ॲपमधून लावेल, जाहिरातीसकट.