भौतिकशास्त्राचे नियमच वेगळे असते तर पी आणि एनपीचं काय झालं असतं?

शून्यवेध: बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय. समजा एखाद्या विश्वात प्रकाशाच्या वेगाला मर्यादाच नाही, किंवा अवकाश आपल्यासारखं सपाट नाही, तर तिथे पी (कम्प्युटर वाजवी वेळात सोडवू शकतो असे प्रश्न) बरोबर एनपी (ज्यांचं उत्तर मिळालं तर ते वाजवी वेळात तपासता येतं असे प्रश्न) होईल का? की हे शेवटी गणित, त्यामुळे कुठेही जा, उत्तर तेच?

तर्कटी: उत्तर तेच. दोन्हीची व्याख्या ट्युरिंग मशीनवर, म्हणजे कम्प्युटरच्या गणिती मॉडेलवर आहे आणि ती कागदावरची गोष्ट, तिला तुमच्या विश्वाशी देणंघेणं नाही. बदलतं काय, तर तिथे खरोखर बनवता येणारं यंत्र वाजवी वेळात काय काय सोडवू शकतं ते. प्रश्न असा विचारा, मग खरी मजा आहे.

वक्ररेषा: हायपरबोलिक अवकाश, म्हणजे एका प्रकारचं वक्र अवकाश, घ्या ना! आपल्याकडे दहापट लांब गेलं की जागा हजारपट होते, बस. तिथे मात्र ठरावीक अंतर पुढे गेलं की जागा दरवेळी साधारण दुप्पट होत जाते, म्हणजे सॅट प्रॉब्लेमसाठी (खरं-खोटं असलेल्या व्हेरिएबल्सचं सूत्र खरं ठरवता येईल का, हा एनपीतला प्रश्न) प्रत्येक प्रोसेसरने पुढे दोन प्रोसेसर बनवायचे, एकाने पहिलं व्हेरिएबल खरं धरायचं दुसऱ्याने खोटं, मग ते प्रत्येकी अजून दोन, असं करत १०० पायऱ्यांत २ चा १०० वा घात, म्हणजे १ वर ३० शून्यं एवढे प्रोसेसर, आणि कुठेही गर्दी नाही. टोकाचे सगळे आपापली शक्यता तपासणार, कुणाला जमलं तर 'हो' त्याच वाटेने परत येणार. सॅट प्रॉब्लेम पॉलिनॉमियल, म्हणजे वाजवी, वेळात सुटला! आपल्याकडे हे अडतं कारण ठरावीक वेळात प्रकाश पोचतो तेवढ्या भागात इतकी यंत्रं मावतच नाहीत. वेगाची मर्यादा काढली तर सपाट अवकाशातही जमेल, फक्त तेवढं मटेरियल पाहिजे.

शून्यवेध: भारी! पण यात यंत्रांची संख्या फुगतेच की. एकाच यंत्राने जमेल असं काही?

तर्कटी: आहे. १९९८ मध्ये एब्रम्स आणि लॉइड या संशोधकांनी दाखवलं की क्वांटम मेकॅनिक्स थोडं जरी नॉनलिनिअर असतं (म्हणजे स्थिती साध्या बेरजेच्या नियमाने बदलत नसत्या) तर एनपी-कम्प्लीट, म्हणजे एनपीतले सगळ्यात अवघड, प्रॉब्लेम झटपट सुटले असते, कारण 'उत्तर आहे' आणि 'उत्तर नाही' या दोन स्थितींमधला अतिसूक्ष्म फरक नॉनलिनिअर नियम भराभर वाढवत नेतो. आपल्या नियमांत तो फरक तसा वाढवता येत नाही, सगळी अडचण तिथेच आहे.

वक्ररेषा: आणि भूतकाळात माहिती पाठवता आली तर? भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइचच्या कालप्रवासाच्या मॉडेलमध्ये ॲरॉन्सन आणि वॉट्रस या संशोधकांनी सिद्ध केलंय की मग साधा कम्प्युटर आणि क्वांटम कम्प्युटर सारखेच ताकदवान होतात, दोघेही बरोबर पीस्पेसपर्यंत (वेळ कितीही लागो, वाजवी मेमरीत सुटणारे प्रश्न) पोचतात. मला तर हा निकाल सगळ्यात जास्त आवडतो.