'बिजिन-गा'ला मराठीत काय म्हणावं?

ओंजळ:
जपानी उकियो-ए चित्रांवरचा एक लेख मराठीत आणतेय. लाकडी ठशांवरून छापलेल्या स्त्रीचित्रांना तिकडे 'बिजिन-गा' म्हणतात. मी 'सुंदरीचित्रे' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'गणिकाचित्रे' केलं. चित्रकार उतामारोच्या १७९३च्या सुमाराच्या प्रसिद्ध त्रिकुटात तोयोहिना गेइशा आहे, पण ओकिता चहाच्या दुकानातली आणि ओहिसा सेनबे (तांदळाच्या कुरकुरीत चकत्या) विकणाऱ्याची लेक. सरसकट गणिका कसं म्हणू?

पानगळ:
संपादक अगदीच चुकलेले नाहीत. योशिवारातल्या, म्हणजे एदोच्या (आजच्या तोक्योच्या) गणिकावस्तीतल्या ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाच्या गणिका, या चित्रांत ढिगाने आहेत. ओबीची, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याची, गाठ पुढे दिसली की ओळखायचं. पण 'सुंदरी'ही नको. आमच्या सोलापुरात सुंदरी म्हणजे वाद्य, सनईची धाकटी बहीण. 'नायिकाचित्रे' करा.

ओंजळ:
नायिका आली की नायक, विरह, अभिसार सगळं मागोमाग आलं. उतामारोच्या कितीतरी बायका नुसत्या केस विंचरतात, पोराला पाजतात, आरशात बघून दात काळे करतात.

आडवाट:
'किमोनो', 'हायकू' घेतलेच ना? 'बिजिन-गा' तसंच ठेवा. आणि 'गणिका'ला माझा ठाम विरोध. माझं आजोळ गोव्याचं. 'कलावंतीण' या शब्दाने तिथल्या बायकांनी काय सोसलं ते घरात ऐकलंय. शिवाय १७९३ साली योशिवाराबाहेरच्या बायकांची नावं चित्रांवर छापायला बंदी आली, तेव्हा उतामारोने चित्रकोडी घालून नावं सांगितली. म्हणजे गणिका कोण आणि चहावाली कोण, हा फरक शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, अधिकाऱ्यांनीसुद्धा केला होता. आपण तो पुसायचा?

पानगळ:
बंदीचं माहीत नव्हतं. 'गणिका' मागे घेतो. पण प्रत्येक परका शब्द तसाच ठेवायचा तर भाषांतर कशाला करायचं?

चौकट:
दात काळे करणं म्हणजे आपलं दातवणच की! माझी पणजी लावायची. जपानीत 'ओहागुरो'. लेखात सरळ 'दातवण' लिहा.

पानगळ:
आज दातवण म्हटलं की लोकांना दात घासायची पूड वाटेल.

चौकट:
अर्थ झिजला म्हणून शब्द टाकायचा का? पणजीच्या दातवणात हिरडा आणि हिराकस असायचा. तिकडे लोखंड आंबवणीत मुरवून त्यात तुरट भुकटी मिसळत. तुरटपणा आणि लोह एकत्र आले की काळं होणारच, शाईसारखं. दोन्हीकडे लग्न झालेल्या बाईची ती खूण. इतकं जुळत असताना दुसरा शब्द का शोधायचा?

आडवाट:
पण १८७० साली जपानी सरकारने उमरावांना ते बंद करायला लावलं. आपल्याकडे असा हुकूम निघाल्याचं ऐकलं नाही, शब्दच मागे पडला.

ओंजळ:
'दातवण' घेतेय. शीर्षकाचं मात्र अडलंय. शनिवारी मजकूर द्यायचाय.

पानगळ:
दातवण आणि मशेरी एकच ना?

चौकट:
छे! मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. पणजी तिला हात लावत नसे. तिची दातवणाची पितळी डबी अजून आईकडे आहे, उद्या फोटो काढून टाकते.