चालू कारागृहातील बांधकामाची निविदा: तपशीलवार नकाशे दिलेले नसताना दर कसा भरावा?

ओळंबा

सर्व सभासदांस नमस्कार. मी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदणीकृत कंत्राटदार असून गेल्या चौदा वर्षांत शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे आणि एक तहसील कार्यालय एवढीच माझ्या कामाची धाव राहिली आहे. आता शेजारच्या जिल्ह्यातील एका चालू कारागृहाच्या आवारात दोन बराकी, एक टेहळणी मनोरा आणि दूरदृश्य सुनावणीसाठी एक खोली अशा ४ कोटी २० लाख रुपयांच्या कामाची बी-१ नमुन्यातील निविदा महाटेंडर या शासनाच्या ई-निविदा पोर्टलवर आली आहे. परिशिष्ट 'ब', म्हणजे कामाच्या बाबी व परिमाणांची यादी, संपूर्ण दिलेले आहे. परंतु नकाशांच्या जागी केवळ एक ढोबळ स्थळरेखा असून, मनोरा, तट आणि विद्युत यंत्रणेचे तपशीलवार नकाशे कार्यारंभ आदेशानंतर गोपनीयतेच्या हमीपत्रावर मिळतील, अशी अट आहे. खुल्या निविदेत अशी अट घालता येते का, आणि घालता येत असेल तर न पाहिलेल्या कामाचा दर शहाण्या माणसाने कसा भरावा? माझ्या मजुरांपैकी निम्मे परप्रांतीय आहेत, त्यांच्या पोलीस पडताळणीला किती दिवस धरावेत, हेही कोणी अनुभवाने सांगितल्यास उपकार होतील.

मोजमाप पुस्तिका

ओळंबा साहेब, मी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो असून सेवाकाळात पोलीस आणि न्यायालयाच्या इमारतींची कामे हाताळली आहेत. प्रथम आपली भीती थोडी कमी करतो. बी-१ नमुन्यात आपण बाबनिहाय दर भरत नाही. अंदाजपत्रकातील रकमेवर शेकडा किती जास्त किंवा कमी, एवढेच सांगता. परिमाणे, काँक्रीटची प्रत, सळईचे टन हे सारे परिशिष्ट 'ब' मध्ये आपल्यासमोर आहे आणि देयक मोजमापावरच निघणार आहे. हीच निविदा सी नमुन्यातील, म्हणजे ठोक रकमेची असती आणि नकाशे दिलेले नसते, तर तिच्या वाटेला जाऊ नका असे मी निःसंकोच सांगितले असते.

बराकीचे आकारमान हे काही गुपित नव्हे. एका बराकीत वीसपेक्षा अधिक बंदी नसावेत, बराकीत प्रत्येकी ३.७१ चौरस मीटर आणि कोठडीत ८.९२ चौरस मीटर जागा असावी, हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत छापलेले आहे. जपायचे असते ते वेगळेच: कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटणारा कोपरा, विजेची केबल कुठून वळते, तटाखालून जाणाऱ्या गटाराच्या नळीचा व्यास किती. एवढा भाग मागे ठेवण्यात मला वावगे दिसत नाही.

मला खटकते ते निराळे. आपले विभाग कागद जपण्यात जेवढा जीव ओततात, तेवढा ओतकामावरील देखरेखीत ओतत नाहीत. मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीची इमारत या बाबतीत आठवण्यासारखी आहे. १९७९ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामात सोव्हिएत मजूर होते आणि खांब-तुळयांचे तयार काँक्रीटचे भाग अमेरिकनांच्या नजरेआड, दुसऱ्याच कारखान्यांत ओतले जात होते. त्या काँक्रीटच्या पोटातच हेरगिरीची उपकरणे सापडली. ऑगस्ट १९८५ मध्ये सोव्हिएत मजुरांना कामावरून दूर करावे लागले आणि अर्धवट इमारत कित्येक वर्षे तशीच उभी राहिली. शेवटी वरचे दोन मजले उतरवून त्या जागी स्वतःचे कामगार आणि स्वतःचे साहित्य वापरून चार नवे मजले चढविण्यात आले, तेव्हा २००० साली तिचा वापर सुरू झाला. आपल्या बराकीत कोणी ध्वनिग्राहक गाडणार नाही, हे मान्य. परंतु भिंतीतील सळयांचे अंतर दीडपट झाले आणि वर गिलावा चढला, तर ते पुढे कोणाला दिसणार आहे? म्हणून प्रत्येक ओतकामाआधी सळईची मोजणी, छायाचित्र आणि शाखा अभियंत्याची सही यांचा आपणच आग्रह धरावा. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर निघणारे दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, हेच कागद आपल्याला वाचवतात.

परांची

मी एका कारागृहात स्वच्छतागृहे आणि एका बराकीचे काम केले आहे, म्हणून थोडे रोखठोक लिहितो. दराचे गणित नकाशावर बिघडत नाही, ते दरवाजावर बिघडते. सकाळी बंद्यांची मोजणी पूर्ण होईपर्यंत माणसे आत सोडत नाहीत, त्यानंतर प्रत्येक मजुराची झडती, भ्रमणध्वनी बाहेर जमा, करवत-पहारीपासून करणीपर्यंत प्रत्येक हत्याराची नोंद. आणि संध्याकाळी बंदी बराकीत जाण्याच्या आधी तीच हत्यारे पुन्हा मोजून बाहेर. आमचा आठ तासांचा दिवस साडेपाच तासांवर आला होता. म्हणजे तेवढ्याच कामाला मजुरीचे तास जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढले, आणि एकूण खर्चात मजुरीचा हिस्सा ३० टक्के धरला तर नुसत्या दरवाजाची किंमत अंदाजपत्रकाच्या १३ टक्क्यांच्या आसपास जाते. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गाडी दरवाजावर तास-दीड तास अडकली तर होणारे नुकसान यात धरलेले नाही.

एक चूक आमचीही झाली. मुकादमाने एका संध्याकाळी परांचीचे दोन बांबू तटाच्या कडेला पडू दिले. बांबूच ते, पण तटाजवळचा बांबू म्हणजे शिडीच. आठ दिवस काम बंद राहिले, खुलासा मागितला गेला आणि त्या महिन्याचे देयकही लांबले. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी शिड्या, दोर आणि पाइप यांची यादी स्वतः तपासतो. पडताळणीचे म्हणाल तर परप्रांतीय मजुरांचे कागद त्यांच्या मूळ पोलीस ठाण्यातून यावे लागतात आणि आम्हाला पाच आठवडे लागले. गरजेच्या दीडपट माणसांची यादी आधीच द्यावी, कारण पडताळणी होऊन येईपर्यंत त्यातले काही जण गावी निघून गेलेले असतात.

कलम व खंड

मी निविदा व करारविषयक सल्ला देतो. अटीच्या वैधतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, सर्व पात्र निविदाधारकांना समान माहिती दिली गेली असेल तर काही नकाशे राखून ठेवणे स्पर्धेच्या तत्त्वाविरुद्ध जात नाही. माहिती अधिकारात अर्ज करून नकाशे मिळवावेत असे कोणी सुचवील. परंतु व्यक्तींच्या जिवाला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका पोहोचविणारी माहिती २००५ च्या अधिनियमाच्या कलम ८(१)(छ) खाली नाकारता येते आणि निविदेची मुदत तोवर संपलेली असेल.

हमीपत्र मात्र नुसता उपचार समजून सही करू नये. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ च्या कलम ५ मध्ये शासकीय अधिकाऱ्यांबरोबर शासनाशी करार केलेली व्यक्ती आणि तिच्या हाताखालील नोकर यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कराराच्या निमित्ताने हाती आलेला गुप्त रेखाचित्र किंवा आराखडा अनधिकृत व्यक्तीस दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे आपला आरेखक आणि साइटवरचा पर्यवेक्षकही त्या कक्षेत येऊ शकतो. नकाशा व्हॉट्सअॅपवर सळई कापणाऱ्याला पाठविण्याची आपल्याकडची सवय या कामापुरती तरी सोडावी लागेल. नकाशांच्या प्रतींना क्रमांक द्यावेत आणि कोणती प्रत कोणाकडे आहे याची नोंदवही ठेवावी.

दूरदृश्य सुनावणीच्या खोलीतील उपकरणे आणि ती पुरविणारा उपकंत्राटदार यांबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. केंद्राने २३ जुलै २०२० रोजी भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील निविदाधारकांवर पूर्वनोंदणीची अट घातली, राज्यांनाही संविधानाच्या अनुच्छेद २५७(१) खाली ती पाळण्यास सांगितले, आणि बांधकामाच्या करारात उपकंत्राटदारालाही ती लागू केली. तसेच सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२५ पासून सुरक्षाविषयक चाचणी आणि प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. पुरवठादाराकडील जुन्या साठ्यातील स्वस्त माल दाखवून दर काढला असेल तर तो दर उपयोगाचा नाही.

मोजमाप पुस्तिका

परांची यांच्या १३ टक्क्यांना माझा विरोध नाही, फक्त ते आंधळेपणाने वर चढवू नयेत. विभागाच्या दरसूचीच्या टिपांमध्ये क्षेत्रनिहाय वाढीची, म्हणजे कामाच्या ठिकाणानुसार मूळ दरावर काही टक्के वाढ देण्याची तरतूद असते. या अंदाजपत्रकात तशी काही वाढ आधीच धरली आहे का, हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे, अन्यथा तोच खर्च दोनदा लागून आपली निविदा फुकट जाईल. उलट बाजूही आहे: काम मिळविण्यासाठी फार खाली गेलात तर जादा सुरक्षा रक्कम भरावी लागते, आणि दिवसाला साडेपाच तास चालणाऱ्या कामात ती रक्कम फार काळ अडकून पडते.

दर ठरविण्याआधी पात्रतेचा हिशेबही करून घ्यावा. निविदेत केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या धर्तीवरील निकष असतील, तर गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या ३० टक्के, म्हणजे १ कोटी २६ लाख लागेल, आणि तशाच स्वरूपाचे एक काम ३ कोटी ३६ लाखांचे किंवा दोन कामे प्रत्येकी २ कोटी १० लाखांची किंवा तीन कामे प्रत्येकी १ कोटी ६८ लाखांची दाखवावी लागतील.

ओळंबा

सर्वांचे मनापासून आभार. उलाढाल बसते, तहसील कार्यालयाचे काम ३ कोटी ५२ लाखांचे होते, तेव्हा तोही निकष बसतो. 'तशाच स्वरूपाचे' या शब्दांत केवळ चौकटबद्ध आर.सी.सी. इमारत येते की बंदोबस्ताची इमारतच हवी, हा प्रश्न मी मंगळवारच्या निविदापूर्व बैठकीसाठी लिहून काढला आहे. त्यासोबत क्षेत्रनिहाय वाढ, मजुरांच्या प्रवेशाची नेमकी वेळ आणि काँक्रीटच्या गाडीला कोणत्या दरवाजाने सोडणार, हे तीन प्रश्नही जोडले आहेत. प्रवेशाच्या वेळेचे उत्तर शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर आले तरच दर भरीन. तोंडी उत्तरावर भरणार नाही.