दत्त एकमुखी की त्रिमुखी?

मोर्शीकडचा वाचक: आमच्या गावच्या दत्तमंदिरात तीन मुखांची, सहा हातांची मूर्ती असून मार्गशीर्ष पौर्णिमेला तिच्यापुढेच पाळणा होतो. आमची लेक मात्र महानुभाव पंथाच्या घरात दिली आहे आणि तिचे सासरे श्रीदत्तात्रेय प्रभूंना एकमुखीच मानतात. हा भेद कशामुळे, आणि तीन मुखांचा अर्थ काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कारंजेकर: तिन्ही देव अतिथी होऊन आले, विवस्त्र होऊन वाढण्याची विचित्र अट त्यांनी घातली आणि अनसूयेने त्यांचीच तान्ही बाळे केली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. भागवतात मात्र अत्रींच्या तपाने प्रसन्न झालेल्या देवांच्या अंशांतून तीन निरनिराळे पुत्र होतात: ब्रह्म्याच्या अंशाने सोम, विष्णूच्या अंशाने दत्त आणि शंकराच्या अंशाने दुर्वास. तिथे दत्त केवळ विष्णूचा अंश आहे. गुरुचरित्र हे दोन्ही धागे जोडते. चंद्र आणि दुर्वास मातेचा निरोप घेऊन निघतात आणि तिघांचे ऐक्य मागे राहिलेल्या दत्तात मानले जाते. माझ्या मते त्रिमुखी मूर्तीमागचा खरा विचार इथेच सापडतो.

एक पुजारी: मुखांपेक्षा हात पाहावेत. खालच्या दोन हातांत माळ व कमंडलू ही ब्रह्म्याची, मधल्या दोहोंत डमरू व त्रिशूळ ही शंकराची आणि वरच्या दोहोंत शंख व चक्र ही विष्णूची चिन्हे असतात. उत्सवात मूर्तीला शेला नेसवला की नेमके खालचे हात झाकले जातात, म्हणून हे एरवीच नीट पाहून घ्यावे. मागची गाय पृथ्वी आणि चार कुत्रे चार वेद, असा अर्थ सर्वत्र सांगितला जातो.

रिद्धपूरचा महानुभाव उपदेशी: आपल्या व्याह्यांचे म्हणणे पंथाच्या तत्त्वज्ञानाला धरूनच आहे. आमच्या मते ब्रह्मा, विष्णू, महेश या देवता होत. परमेश्वर त्यांच्याहून वेगळा आणि श्रेष्ठ आहे. श्रीदत्तात्रेय प्रभू हे पंचकृष्णांपैकी, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी एक, साक्षात परमेश्वरावतार असल्याने देवतांची मुखे जोडून त्यांची मूर्ती कल्पिता येत नाही. माहूरला व्याघ्ररूपात येऊन त्यांनी पंचकृष्णांतल्याच श्रीचक्रपाणी प्रभूंच्या मस्तकी पंजा ठेवला, अशी आमची परंपरा सांगते. त्या प्रसंगात शक्तिदान, म्हणजे आपली दैवी शक्ती देणे, महत्त्वाचे आहे, मुखांची संख्या नव्हे.

मोर्शीकडचा वाचक: आभारी आहे. व्याह्यांपुढे गुरुचरित्राचा दाखला देऊन उपयोग नव्हता, हे आता कळले. त्यांच्याशी माहूरच्या लीळेवरच बोलेन.