वडोदऱ्यात इंग्रजी भाषणाचा क्लब सुरू करायचाय, सल्ला हवा

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला आहे. गणपतीत आमच्या मंडळाचं निवेदन माझ्याकडे असतं, मराठीत तासभर सहज बोलतो. पण गेल्या महिन्यात बाहेरच्या ग्राहकांपुढे इंग्रजीत दहा मिनिटं बोलायचं होतं, तर तिसऱ्या वाक्याला घसा कोरडा पडला. काम माझं, मांडलं दुसऱ्यानं. फार लागलं ते मनाला.
आमच्या भागातले आठ जण तयार आहेत, त्यात दोन कॉलेजची मुलं. भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची ती जागतिक संस्था आहे ना, टोस्टमास्टर्स, तिच्याशी लगेच जोडून घ्यावं का? आणि शिकवणार कोण? आमच्यात कुणाचंच इंग्रजी पक्कं नाही.

रावपुरा_सकाळ
लगेच नको. त्यांचा अधिकृत क्लब व्हायला किमान २० सभासद लागतात, शिवाय दर सहा महिन्यांची वर्गणी डॉलरच्या हिशेबात. आधी त्यांच्या संकेतस्थळावर शहर टाकून क्लब शोधा आणि एक-दोन सभांना पाहुणे म्हणून बसून या.
शिकवणारा लागतच नाही. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आनाच्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत हे सुरू केलं तेव्हापासून रीत तीच आहे: सभासदांनीच पाळीपाळीनं बोलायचं, आणि ऐकणाऱ्यांनी काय जमलं, काय नाही ते सांगायचं.

मांजलपूर_ताई
दादा, आठ जण भरपूर झाले. आमचा सहा जणांचा गट दोन वर्षं चालला, त्यावरून सांगते.
घड्याळ आधी. तयारीचं भाषण ५ ते ७ मिनिटं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. विषयाची चिठ्ठी काढून आयत्या वेळी बोलायचं असेल तर १ ते २ मिनिटं. तुमचा घसा कोरडा पडतो ना, त्यावर खरा उपाय हा चिठ्ठीचाच. पाठ केलेलं भाषण प्रश्न आला की कोसळतं.
मधेच कुणाला टोकायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आम्ही सुरुवातीला प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. एक मुलगा तिसऱ्या आठवड्यानंतर आलाच नाही. हुशार होता, अजून वाईट वाटतं. मग नियम केला: एकानं फक्त 'अं', 'सो', 'यू नो' मोजायचे, एकानं भाषा टिपायची, आणि बोलायचं ते शेवटी, दोन-तीन मिनिटांत.
भाषा टिपणाऱ्याला आपल्या खास मराठी चुका सापडतात. 'मी काल सुरतला गेलो होतो' मनात असतं, म्हणून तोंडून 'आय हॅड गॉन टू सुरत यस्टरडे' येतं. तिथे साधं 'वेंट' पुरतं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हेही तसंच, तिथे 'आय हॅव' पुरतं. आठवड्याला अशी एकच चूक धरा, दहा नकोत.

दांडियाबाजारकर
ताई, 'हॅड गॉन' मी रोज म्हणतो! जागेचं काय करू? कमाटीबाग चालेल?

रावपुरा_सकाळ
बागेत आवाज विरतो आणि रविवारी गर्दी असते. एखाद्या शाळेत वर्ग मिळतो का विचारा. फळा असतो, आणि उभं राहून बोलायला समोर मोकळी जागा. वार आणि वेळ मात्र बदलू नका.

मांजलपूर_ताई
फक्त नवरात्रात नऊ दिवस सभा ठेवू नका, गरब्यापुढे कुणी येणार नाही. नंतरच्या रविवारची तारीख आधीच सांगून ठेवा, नाहीतर गट तिथेच मोडतो. आमचा तसाच मोडला.

दांडियाबाजारकर
मनापासून आभार. घराजवळच्या शाळेत वर्ग मिळतोय, रविवारी सकाळी साडेआठ ते दहा. कार्डं मुलं बनवताहेत, चिठ्ठ्या मी लिहितोय. पहिली चिठ्ठी मीच काढणार. मागच्या वेळी मांडता न आलेलं काम महिनाभरात याच मंडळींपुढे उभं राहून मांडतो, मग इथे कळवतो.