लेवीय २७ मधील ५० आणि ३० शेकेल: स्त्रीचे मोल कमी मानले आहे का?

प्रश्न

बायबल क्रमाने वाचत असताना लेवीय पुस्तकाच्या २७व्या अध्यायापाशी मी अडखळले आहे. कोणी माणसाविषयी परमेश्वराला नवस केला, तर त्या व्यक्तीऐवजी किती रुपे द्यायचे हे तेथे ठरवून दिले आहे. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषासाठी ५० शेकेल (शेकेल हे रुपे तोलण्याचे वजन) आणि त्याच वयाच्या स्त्रीसाठी ३०; पाच ते वीस वर्षांच्या मुलासाठी २० आणि मुलीसाठी १०. दोघेही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाले असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात वाचलेले असल्यामुळे हे आकडे मनाला लागतात. येथे स्त्रीचे मोलच कमी ठरवले आहे, असे समजायचे का?

उत्तर १

हा अध्याय नवस फेडण्याविषयीचा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. साठीच्या पुढच्या पुरुषासाठी केवळ १५ शेकेल सांगितले आहेत, म्हणजे तरुण स्त्रीच्या निम्मे; परंतु वृद्धांचा मान राखण्याची आज्ञा याच पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. त्यामुळे ही रक्कम अंगमेहनतीच्या अंदाजाने ठरली असावी, माणसाच्या योग्यतेवरून नव्हे, असे मला वाटते. जिवाचा प्रश्न येतो तेथे नियम वेगळा आहे. निर्गमच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाने पुरुषाला मारले काय किंवा स्त्रीला मारले काय, बैलाला दगडमार करायचा आहे, आणि बैल मारका असल्याचे ठाऊक असूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर मालकालाही मृत्युदंड आहे. तेथे स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही.

उत्तर २

बैलाच्या नियमाविषयी वरील उत्तर योग्य आहे, पण मेहनतीचा खुलासा मला पूर्ण पटत नाही. एक महिना ते पाच वर्षे वयाच्या मुलग्यासाठी ५ शेकेल आणि मुलीसाठी ३ सांगितले आहेत. पाळण्यातले मूल कोणती मेहनत करते? शिवाय त्याच २१व्या अध्यायात बैलाने दासाला किंवा दासीला मारल्यास धन्याला ३० शेकेल द्यावे लागतात, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या नवसाइतकेच. त्या समाजाची घडी पुरुषप्रधान होती आणि तिचा ठसा नियमांवर उमटला आहे, हे मान्य करण्यात श्रद्धेला बाध येत नाही. न सांगितलेले कारण मजकुराच्या तोंडी घालून तो गुळगुळीत करणे मात्र मला वाचनातील अप्रामाणिकपणा वाटतो.

उत्तर ३

मी आपले लक्ष गणना २७ कडे वेधू इच्छिते. सलाफहाद मुलगा नसताना मरण पावला, तेव्हा महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का नाहीसे व्हावे, असे त्यांनी विचारले. मोशेने स्वतः निकाल दिला नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असे उत्तर आले. त्यावरून, मुलगा नसल्यास वतन मुलीकडे जावे, असा कायदा झाला. नियमातील उणीव स्त्रियांनी दाखवली आणि ती ऐकून घेतली गेली, हे मला आकड्यांहून अधिक बोलके वाटते. अर्थात ३६व्या अध्यायात त्यांच्यावर बापाच्या वंशातच लग्न करण्याची अट आली, हेही वाचावे.

नीतिसूत्रे ३१ मध्ये जिचे मोल मोत्यांहून अधिक म्हटले आहे, त्या 'सद्गुणी' स्त्रीसाठी मूळ हिब्रूत 'हायिल' हा शब्द आहे. शास्ते ६ मध्ये देवदूत गिदोनाला पराक्रमी वीर म्हणतो, तेथेही हाच शब्द येतो. 'सद्गुणी' या भाषांतरात त्यातील बळ हरवते, याची मला फार खंत वाटते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन शेकेलांचा प्रश्न माझ्यासाठी अजून सुटलेला नाही आणि दुसऱ्या उत्तरानंतर तो घाईने सोडवावा असेही वाटत नाही. त्या पाच जणींचा मात्र मी पुढे शोध घेतला. गणना २६, २७ आणि ३६ मध्ये त्यांची नावे येतात आणि यहोशवा १७ मध्ये पुन्हा येतात. तेथे त्या एलाजार याजक आणि यहोशवा यांच्यापुढे जाऊन दिलेल्या आज्ञेची आठवण करून देतात आणि चुलत्यांच्या बरोबरीने आपले वतन मिळवतात. मोशे तोवर मरण पावलेला होता, म्हणून निकाल लागल्यावरही हक्क मागायला त्यांना दुसऱ्यांदा जावे लागले.