मदत हवी आहे : कोल्हापुरात मटण थाळी, पण बिनतिखट

मंडळी, येत्या रविवारी दुपारी आठ जण कोल्हापुरात जेवायला येतोय. चौघे झणझणीतवाले, दोघांना मध्यम चालतं, दोन ज्येष्ठांना तिखट अजिबात सोसत नाही. तरी मटण थाळीच हवी, पनीरवर बोळवण नको.

नुसतं 'तिखट कमी करा' सांगून भागत नाही. सुक्कं मटण कांदा-लसूण मसाल्यात आधीच शिजलेलं असतं. तांबड्या रश्श्यावरची तर्री पळीने बाजूला काढली की तेलात उतरलेलं तिखट बरंचसं जातं, पण खालचा रस्साही काही गरीब नसतो. पाणी ओतलं तर फक्त पचपचीत होतो. रंगावर तर मुळीच जाऊ नये. ब्याडगी मिरची लालभडक पण सौम्य, संकेश्वरी खरी झोंबते.

तर, हळद-मीठ-आल्यावर शिजवलेलं अळणी (म्हणजे बिनमसाल्याचं) मटण मसाला पडण्याआधी वेगळं काढून देणारी खानावळ कोणती? आदल्या दिवशी फोन करावा लागेल का? पांढऱ्या रश्श्यात तिथे मिरी आणि हिरवी मिरची कितपत असते? नारळाचं दूध, खसखस, काजू यांमुळे तो साधा वाटतो, पण मिरीचा ठसका उशिरा लागतो. सोलकढीतही बऱ्याच ठिकाणी मिरची वाटतात, म्हणून साधं दही मिळणारं ठिकाण हवं. जिभेची आग पाण्याने विझत नाही, दही-दुधाने शमते.

अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता आलं तर उत्तम, रंकाळ्याकडचंही चालेल.